वाकड्या सागांचे राऊंड साहेब

आमच्या राऊंड साहेबांना वाकडं झाड दिसलं की मोटारसायकल थांबवायची सवय होती. सरळ झाड दिसलं तर थांबत नसत. मागं बसलेल्या माणसाला आधी सांगावं, हे त्यांना कधी सुचलं नाही. त्यामुळे बिलोली ते उमरी या वाटेवर माझं नाक त्यांच्या पाठीवर किती वेळा आपटलं याची गणती नाही. थांबले की उतरायचे, झाडाभोवती एक चक्कर मारायचे, बुंध्याजवळची माती बुटाच्या टोकानं उकरून बघायचे, आणि परत येऊन किक मारता मारता म्हणायचे, "जित्तं हाय."

झाड जिवंत असणं ही बातमी असू शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते वनपाल होते. वनपालाच्या हद्दीला राऊंड म्हणतात, म्हणून गावोगावचे लोक त्यांना राऊंड साहेब म्हणत. मीही तेच म्हणतो. मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. लातूरला मराठी विषय घेऊन एम.ए. झालो होतो, पुढे समीक्षा लिहिणार होतो. नोकरी लागली ती बिलोलीबाहेरच्या एका रोपवाटिकेत. तिच्या कोपऱ्यात दोन खोल्यांचं ऑफिस, एक कूलर, आणि भिंतीवर हिरव्या रंगात रंगवलेली घोषणा. माझं काम पत्रं लिहिण्याचं. वर जाणाऱ्या पत्रात 'सविनय सादर' आणि वरून येणाऱ्या पत्रात 'तात्काळ', एवढे दोनच शब्द महत्त्वाचे असतात, हे मला पहिल्या महिन्यात कळलं. मधला मजकूर कुणी वाचत नाही. समीक्षा लिहिली असती तरी वेगळं काही झालं नसतं, या विचारानं मी तिथं रमलो.

राऊंड साहेब दुपारचं जेवण सागाच्या पानावर करत. यात भक्तिभाव नव्हता, मोजमाप होतं. फिरतीवर जिथं असतील तिथल्या सागाचं पान तोडायचं, रुमालानं पुसायचं आणि त्यावर भाकरी ठेवून बघायची. ते मूळचे इस्लापूरकडचे. तिकडच्या जंगलातल्या सागाच्या पानावर दोन भाकरी शेजारी शेजारी मावतात, असं ते सांगत. बिलोलीच्या माळावरचं पान दीड भाकरीचं. एकदा आम्ही कामासाठी लातूरला गेलो होतो, तेव्हा औशाच्या रस्त्याला मुरमात उभ्या असलेल्या एका सागाचं पान त्यांनी तोडलं. त्यावर एक भाकरी ठेवली, तीही चारी बाजूंनी बाहेर आली.

"गरीब झाड आहे," मी म्हणालो.

"गरीब न्हाई, हुशार हाय. पान म्हंजे काय, पाणी उडवायचं दुकान. मालच न्हाई तर दुकान एवढं मोठं कशाला मांडायचं?"

मग भाकरी खाता खाता थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पन ही हुशारी त्याच्या रगतातली हाय का ह्या जागेनं मारून-मुटकून शिकिवलेली हाय, हे कसं कळावं?"

मला वाटलं, प्रश्न मला विचारला आहे. मी म्हणालो, "कळून काय करायचं?" त्यांनी ठेच्याचा डबा माझ्याकडून काढून घेतला.

बोलणं असं तुटक. सभासमारंभात त्यांना बोलवायचं नाही, हे वरच्या लोकांना एका अनुभवानंतर कळलं होतं. तो अनुभव नांदेडचा. तिथल्या एका सभागृहात 'वातावरण बदल आणि आपली जबाबदारी' असा कार्यक्रम होता. बाहेर एप्रिल, आत इतका गारठा की पहिल्या रांगेतल्या बायका पदर लपेटून बसल्या होत्या. हल्ली पुष्पगुच्छ देत नाहीत, रोप देतात. तेव्हा व्यासपीठावरच्या प्रत्येकाला सोनेरी रिबीन बांधलेलं सागाचं एकेक रोप मिळालं. सगळ्यांनी ते हसत घेतलं, फोटो झाला आणि खुर्चीखाली ठेवलं. राऊंड साहेबांना 'क्षेत्रीय अनुभव' सांगायला बोलावलं होतं. ते माईकपाशी गेले, रिबीन सोडली, खिशातून चाकू काढून प्लास्टिकची पिशवी उभी फाडली आणि मातीचा गोळा हातावर घेऊन सभेला दाखवला. मुळं पिशवीच्या आत गोल गोल फिरून त्यांची चुंबळ झाली होती.

"हे मेलंय," ते म्हणाले. "त्याला अजून कळलं न्हाई एवढंच."

त्यांनी चुंबळीतलं एक मूळ बोटानं उलगडून दाखवलं.

"साग आधी खाली जातो, मग वर येतो. ह्याला खाली जायला जागाच दिली न्हाई, म्हणून ते सोताभवती फिरून राहिलं. माझं झालं."

आणि ते जागेवर येऊन बसले. हातातली माती कुठं टाकावी ते न सुचल्यानं त्यांनी ती खिशात ठेवली. निवेदिका बाईंनी "किती मार्मिक!" असं म्हणून प्रमुख पाहुण्यांना बोलावलं. पाहुणे पाऊण तास बोलले. वसुंधरा, भावी पिढ्या, काळाची गरज. परत येताना राऊंड साहेबांनी मला विचारलं, "तू टाळ्या कोनासाठी वाजवल्या?" मी म्हणालो, "दोघांसाठीही." ते खरं होतं. सरकारी कार्यक्रमात टाळ्या माणसासाठी वाजवायच्या नसतात, भाषण थांबल्याबद्दल वाजवायच्या असतात. पण हे मी बोललो नाही.

त्यांच्या डोक्यातला विषय हळूहळू मला कळत गेला. तो एकच होता, आणि साधा होता. सरकारी माणसाला जागा मानवली नाही तर तो बदली मागतो. झाडाची बदली होत नाही. ऊन वाढलं, पाऊस लांबला, मार्चात गारा पडल्या, तरी साग आहे तिथंच उभा. पाणी संपत आलं की तो पानं टाकून देतो. औंदा पाऊस लवकर गेला तर औंदा पानं लवकर पडतात. एवढी सोय त्याच्याकडे पहिल्यापासून आहे. पण ही सोय किती ताणता येईल? आणि जी झाडं जास्त ताणू शकतात, त्यांची पोरंही तशीच निघतात का? निघत असतील तर सागाला काही आशा आहे, पण मग बी कुणाचं घ्यायचं ते आपल्याला माहीत पाहिजे. आणि निघत नसतील तर आपण दरसाल खड्डे खोदून नुसते फोटो काढून राहिलोत.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात या माणसानं रजा टाकली आणि मोटारसायकलवर नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे पालथे घातले. लोक टँकरमागं घागरी घेऊन पळत होते आणि हे वाळलेल्या सागांचे बुंधे नखानं खरवडत हिंडत होते. साल खरवडल्यावर आतून हिरवं निघालं तर झाड जिवंत. एका गावात लोकांनी त्यांना पाणाड्या समजून चहा पाजला. "इथं पाणी न्हाई," असं हे प्रामाणिकपणे म्हणाले, तेव्हा चहा पाजणाऱ्याचा चेहरा कसा झाला, हे ते नंतर स्वतःच सांगत.

त्या उन्हाळ्यात त्यांनी आठ झाडं निवडली. बहुतेक वाकडी, बुटकी, गाठाळलेली. आसपासची मेली होती आणि ही उभी होती. उमरीजवळच्या एका बंद खदानीच्या काठावरचं एक, औशाच्या रस्त्याचं ते भाकरीचं एक, अशी आठ. ते त्यांना 'आया' म्हणायचे.

खात्याचा नियम याच्या बरोबर उलट होता. सागाचं बी घ्यायचं ते सरळ, उंच, जाडजूड झाडाचं. नियम चुकीचा नव्हता. तो लाकडासाठी केलेला होता. दार-चौकटीला वाकडा साग कोण घेईल? राऊंड साहेबही नियमाला नावं ठेवत नसत. "लाकूड सरळच पायजे," ते म्हणत. "पन त्याच्या आधी झाड पायजे."

नववं झाड त्यांनी मुद्दाम घेतलं ते इस्लापूरच्या जंगलातलं, भरपूर पावसात वाढलेलं, विजेच्या खांबासारखं सरळ. ते त्यांना आवडत नव्हतं. "लाडावलेलं हाय," असं ते त्या अख्ख्या जंगलाबद्दल म्हणायचे, आणि त्यांचं घर त्याच जंगलाच्या काठाला होतं.

"मग घेतलंत कशाला?" मी विचारलं.

"आपुन खोटं पडलो तर ते कळाय नगं का?"

मला हे सगळं फारसं पटलं नव्हतं. एखादं झाड दुष्काळात टिकलं तर त्याच्या मुळाखाली ओल असेल, शेजारी नाला असेल, नशीब असेल. मी तसं बोललो. ते खूश झाले. पहिल्यांदाच मी काही कामाचं बोललो होतो. "म्हणून तर पोरं वाढवायची. सगळी एकाच माळावर लावायची, पाणी पाजायचं न्हाई, आन् बघायचं. आई येगळी, जागा एक."

सागाचं बी मोठं हट्टी. कवच कठीण, ते पाण्यात भिजवायचं, उन्हात वाळवायचं, परत भिजवायचं, असं आठ-पंधरा दिवस चालतं. एवढं करूनही सगळं एकदम उगवत नाही. थोडं या वर्षी, थोडं पुढच्या. मी वैतागलो तेव्हा ते म्हणाले, "शहाणा हाय तो. एकाच पावसावर सगळी लेकरं लावत न्हाई." त्यामुळे नऊ आयांची पोरं पुरेशी व्हायला दोन वर्षं गेली. रोपवाटिकेच्या पुढच्या अंगाला नऊ वाफे, प्रत्येक वाफ्यात एकाच आईच्या पिशव्या, आणि वाफ्याच्या तोंडाशी पत्र्याची पाटी. रोपं कुणी गुडघ्याएवढं, कुणी वीतभर. माघात ते पाणी कमी करत आणि बायांची मुकादम शेवंता अक्का त्यांच्याशी रोज भांडे.

"साहेब, लेकरं वाळून राहिली ना!"

"वाळू द्या अक्का. मे महिन्यात माळावर पाजाय कोन जाणार हाय, तुमी?"

"तुमच्या घरी पाव्हनं कसं जेवत आसंल देव जाणे."

वरून फोन आला की रोपं मलूल का दिसतात, तर ते सांगत, "साहेब, परीक्षा जवळ आली." फोनवरचे साहेब हो म्हणत. त्यांना वाटे घरच्या मुलांविषयी बोलताहेत.

हे सगळं ज्या एका गोष्टीवर उभं होतं ती म्हणजे कुठलं रोप कुठल्या आईचं, हे ठाऊक असणं. रोपावर कुठं लिहिलेलं नसतं. वाफा हीच ओळख. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते. पाऊस लागला की नऊ ओळी माळावर जायच्या होत्या.

आणि ते भाचीच्या लग्नाला तीन दिवस इस्लापूरला गेले.

त्याच दिवशी 'तात्काळ' असं पत्र आलं. मोठे साहेब पाहुण्यांसह रोपवाटिकेला भेट देणार होते, परवाच. अशा भेटीची तयारी कशी करतात ते आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना फक्कीच्या रेघा मारायच्या. दगडांना आणि झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावायचा. आणि रोपं उंचीप्रमाणे लावायची. उंच मागं, बुटकी पुढं, शाळेच्या फोटोत मुलं बसवतात तशी. असं करा म्हणून आजवर कुठल्याही साहेबानं सांगितलेलं नाही. न सांगता होतं, म्हणून तर ते साहेब.

मी शेवंता अक्कांना म्हणालो, "अक्का, रोपं उंचीप्रमाणे घ्या."

"राऊंड साहेबाची बी?"

"सगळीच. गाड्या पहिल्यांदा तिथंच थांबतील."

"त्यायनं हात लावू नगा म्हणलंय, बाबू."

"हात लावू नका म्हणजे पाणी घालू नका."

हे मी कशावरून म्हणालो? माझी भाषेची पदवी होती, आणि दुसऱ्याच्या वाक्याचा अर्थ सांगायची मला सवय होती. अक्कांनी पदर खोचून बायांना हाक मारली. बारा बायांनी अर्ध्या दिवसात काम संपवलं. नऊ वाफ्यांचा एक देखणा उतार झाला, जणू हिरवा गालिचा टांगला आहे. पत्र्याच्या नऊ पाट्या चिंचेनं घासून लख्ख केल्या आणि पुढच्या काठाला एका ओळीत रोवल्या. मी स्वतः लांब उभा राहून, एक डोळा मिटून, ओळ सरळ आहे का ते पाहिलं.

मोठे साहेब पाव तास थांबले. "व्हेरी गुड. एकदम युनिफॉर्म," असं म्हणाले, फोटो काढला आणि नारळपाणी पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंड साहेब आले. लग्नातली बुंदी आणली होती, तो पुडा हातातच राहिला. ते त्या हिरव्या उताराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. बाया कामं थांबवून खाली माना घालून बसल्या.

"कोन सांगितलं?"

मला वाटलं अक्का माझ्याकडे बोट करतील. त्यांनी केलं नाही, म्हणून मला बोलावं लागलं.

"मी सांगितलं, साहेब. भेट होती म्हणून..."

ते उकिडवे बसले. एक रोप उचललं, पान उलटून पाहिलं, ठेवलं. दुसरं उचललं. नंतर उठून म्हणाले, "वळ सुरेख लावली, अक्का."

शेवंता अक्कांनी पदर तोंडाला लावला. "शिव्या तरी द्या, साहेब!"

"कशापायी? तुमचं काम चोख हाय." आणि बुंदीचा पुडा त्यांच्या हातात देऊन ऑफिसात गेले.

चार दिवस ते त्या रोपांमध्ये बसून होते. पानाची शीर, देठाची लव, खोडाचा रंग. यातून काही जुळतंय का बघत होते. पाचव्या दिवशी उठले आणि गुडघे झाडले. नाही जुळलं. जून लागल्यावर त्यांनी सगळी रोपं एकत्रच माळावर लावली. काही आज आहेत, काही गेली. कोण कुणाचं ते कुणालाच ठाऊक नाही. लावणी चालू असताना मी जवळ जाऊन उभा राहिलो, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यायला काय, आई ठाव नसली तरी जगता येतं. आपल्यालाच कळायची सोय ऱ्हायली न्हाई."

मी म्हणालो, "साहेब, यंदा हिवाळ्यात पुन्हा बी गोळा करू."

"हिवाळ्यात मी घरी."

"मग मी करतो."

"तुला झाडं माहीत हायेत?"

"नाही."

"मंग रविवारी ये."

एवढीच मला झालेली शिक्षा. पुढचे चार-पाच रविवार त्यांनी मला मागं बसवून नऊ झाडं दाखवली. प्रत्येकापाशी उभं करून विचारायचे, "उगवती कुठं? मावळतीला काय दिसतं? उद्या हा बांध मोडला, रस्ता रुंद झाला, तर कशावरून वळखशील?" मी वही काढली तर म्हणाले, वही हरवते. शेवटच्या रविवारी त्यांनी मला पुढं बसवलं आणि स्वतः मागं बसले. "आता तू ने." उमरीजवळची खदान मी ओलांडून गेलो, बोलत बोलत बराच पुढं गेलो. तेव्हा मागून खांद्यावर थाप पडली. "एक आई मागं ऱ्हायली."

"आधीच का नाही सांगितलं?"

"तुला कवा आठवतंय ते बघून राहिलो होतो."

निवृत्तीचा समारंभ रीतसर झाला. शाल, नारळ, आणि तीच सोनेरी रिबीन. वक्त्यांनी त्यांना निष्ठावंत वृक्षप्रेमी म्हटलं. उत्तरादाखल ते उठले आणि म्हणाले, "मला झाडाचं प्रेम-बिम काही न्हाई. मला बघायचं होतं. ते ऱ्हायलं." एवढं बोलून खाली बसले. लोकांना तो विनय वाटला. नेमकं काय राहिलं, ते त्या मांडवात अक्कांना आणि मलाच माहीत होतं.

मग मी बी आणलं. पहिल्या हिवाळ्यात अक्का आणि मी, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा. भिजवलं, वाळवलं, नऊ वाफे केले. मोठ्या साहेबांच्या भेटी दोनदा झाल्या. दोन्ही वेळा विचारणा झाली की हे असं वरखाली का लावलंय. पहिल्यांदा मी दोन पानी सविस्तर टिपण दिलं. ते कुणी वाचलं नाही आणि खुलासा मागवला. दुसऱ्यांदा मी फक्त "असंच असतं, साहेब," म्हणालो. ते लगेच पटलं. नवे राऊंड साहेब चांगले होते. रोपवाटिकेमागं मुरमाड पडीक जमीन होती, तिच्याकडे बघून म्हणाले, "तिथं काहीच येत नाही. लावा तुम्हाला काय लावायचं ते." आम्हाला नेमकी तशीच जमीन हवी होती. नऊ ओळी लावल्या. पहिल्या पावसाळ्यानंतर पाणी घातलं नाही.

तिसरा उन्हाळा संपत आला तेव्हा मी आणि अक्कांनी एकेका रोपाची साल नखानं खरवडून पाहिली. दोन दिवस लागले. मग मी मोटारसायकल काढून इस्लापूरला गेलो.

राऊंड साहेब पडवीत बाजेवर बसले होते. वाळले होते, आवाज तोच होता. त्यांनी ना तब्येत विचारली ना प्रवास. "सांग."

मी सांगायला सुरुवात केली. खदानीची पोरं बहुतेक सगळी जिवंत. आणखी दोन आयांची बरी, बाकीच्यांची यथातथा. मग मी अडखळलो. सगळ्यात लाडकं झाड त्यांचं औशाचं होतं.

"औशाचं सांग."

"एक सोडून सगळी गेली, साहेब."

मी वाटेत तयार केलेली वाक्यं काढली: तीनच उन्हाळे झालेत, जमीन एकच असली तरी मुरूम कुठं उथळ कुठं खोल, आपला प्रयोग तसा लहान...

"थांब जरा. म्हंजे त्याच्या मुळाखाली ओल व्हती. झाड हुशार न्हवतं, जागा हुशार व्हती." मान हलवली. "तू म्हणला व्हतास. आन् इस्लापूरचं?"

"अर्ध्याहून जास्त जित्ती हायेत." घाईत मीही त्यांच्यासारखंच बोललो.

"काय?"

"अर्ध्याहून जास्त. खदानीखालोखाल तीच."

आणि ते हसायला लागले. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. सून आतून डोकावून गेली. हसता हसता खोकला आला, पाणी प्यायले, परत हसले.

"उभी नोकरी मी ह्या जंगलाला लाडावलेलं म्हणलो. खातं वाकड्या झाडाकडं बघत न्हाई म्हणून खात्याला हसलो. आन् मी सरळ झाडाकडं बघितलं न्हाई. म्हंजे माझ्यात आन् खात्यात फरक काय?" त्यांनी पडवीपलीकडच्या जंगलाकडे हात केला. मे महिन्यात तिथं एकाही सागाला पान नव्हतं. "हितं बी हुशार आया आसतील. लई आसतील. कोन तपासलं?"

त्यांनी बाजेखालून बूट ओढले.

"मामा, कुठं निघाला? ताट वाढून राहिले मी," सून म्हणाली.

"येतो. हा बाबू मला जंगलात नेऊन राहिला."

मी असं काही म्हणालो नव्हतो. गाडीत पेट्रोल आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे म्हणालो. ते बुटाची नाडी बांधत होते. मला राहवलं नाही.

"साहेब, आज झाडं निवडली तरी बी हिवाळ्यात. मग दोन वर्षं रोपं, मग तीन उन्हाळे. उत्तर यायला सहा-सात वर्षं तरी जातील."

"हाव." दुसऱ्या बुटाची नाडी. "तुला रिटायर व्हायला किती हायेत?"

"सोळा."

"मंग लई झाले," ते म्हणाले आणि मी गाडी सुरू केली तसे माझ्या खांद्यावर हात ठेवून मागं बसले.